पदवीचा हिशेब : फी, मजुरी आणि मिळकत

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात भिवापुरातील एका मिरची सातऱ्यावर जाण्याचा प्रसंग आला. आपल्या निवासी शाळेतून दहावी उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थिनीची आई तेथे मिरचीचे देठ खुडण्याच्या कामावर होती. मुलगी बारावीतही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली म्हणून अभिनंदन करावे, एवढाच माझा हेतू होता. त्या माउलीने मिरचीने लाल झालेले हात पदराला पुसले आणि मलाच प्रश्न केला, "सर, बी. ए. करून काय भेटते? उमरेडले कापडाच्या दुकानात लावतो म्हणते तिचा मामा. घरात पैसा तरी येईन."

तीस वर्षांच्या अध्यापनात मी शिक्षणाच्या महत्त्वावर असंख्य भाषणे दिली आहेत. परंतु त्या प्रश्नाला भाषण हे उत्तर नव्हते. तिने हिशेब विचारला होता आणि हिशेबाला हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे. त्या सायंकाळी वही घेऊन जे आकडे मांडले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडे विस्ताराने सर्व पालकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम इतिहासाविषयी थोडे. महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, हा आपल्याकडे नवा वाद नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. सरकारी तिजोरीतील कर शेतकऱ्याच्या घामातून येतो, उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र मूठभर वरिष्ठ वर्गाच्या मुलांना होतो आणि कष्टकऱ्यांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे १२ मार्च १९२७ रोजी, महाडचा सत्याग्रह अवघ्या आठवड्यावर आलेला असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्यांनी भावनेला हात घातला नाही, आकडे मांडले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी दाखवले. कला महाविद्यालयांचा सुमारे ३६ टक्के खर्च फीमधून भागवला जातो, यालाही त्यांनी आक्षेप घेतला. शिक्षणाचा असा व्यापार झाला, तर खालच्या थरांतील मुले वर येणार कशी, हा त्यांचा सवाल होता. ते भाषण पालकांनी मुलांकडून एकदा वाचून घ्यावे. अर्थशास्त्राचा पदवीधर गरिबांच्या बाजूने कसा युक्तिवाद करतो, हे त्यातून कळते.

१९४४ साली अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. महाराष्ट्राने मात्र राज्य स्थापनेनंतर नवबौद्धांना आपल्या सवलती लागू केल्या होत्या. माझ्या पिढीतील अनेकांच्या पदव्या या दोन ओळींच्या आधारावर उभ्या आहेत.

आता प्रत्यक्ष हिशेब. शासकीय अथवा अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांचे वेतन शासन देते, म्हणून तेथील फी मुळातच मर्यादित असते. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून भागते. सर्वसाधारण पदवीच्या विद्यार्थ्याला त्याशिवाय वर्षाला भत्ताही मिळतो : घरी राहणाऱ्यास ३,००० आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० रुपये. एवढे ऐकून पालक म्हणतात, "मंग तं फुकटच झालं." येथेच गफलत होते. फी हा पदवीचा सर्वांत लहान खर्च आहे. सर्वांत मोठा खर्च कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. तो म्हणजे बुडणारी मजुरी.

समजा, ती मुलगी दुकानात किंवा शेतात वर्षातले २०० दिवस ३०० रुपये रोजाने राबली असती. म्हणजे वर्षाचे ६०,००० रुपये. कॉलेजला गेली, तर तेवढे घरात येणार नाहीत. परीक्षा शुल्क, पुस्तके, कपडे आणि मोबाईलचे रिचार्ज मिळून वर्षाला ८,००० धरू. त्यातून भत्त्याचे ३,००० वजा करू. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत आपली मुले कापूस वेचतात, सातऱ्यावर बसतात. तसे ४० दिवसांचे १२,००० आणखी वजा करू. भिवापुरात घरी राहून केलेल्या बी. ए.चा खरा खर्च वर्षाला ५३,००० आणि तीन वर्षांत १,५९,००० रुपये होतो. हे आकडे माझ्या गृहीतकांवर आधारलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या घरचा रोज आणि आपल्या घरचे दिवस घालून ते बदलून घ्यावेत. रीत तीच राहील.

नागपूरला ठेवायचे झाल्यास खोलीभाडे, खानावळ आणि किरकोळ खर्च मिळून महिन्याला ७,००० आणि दहा महिन्यांचे ७०,००० वाढतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूरसारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. कागदावर ही रक्कम बहुतेक खर्च भागवते. पण घरमालक भाडे महिन्याच्या पाच तारखेला मागतो आणि खानावळवाला आगाऊ मागतो. योजनेचा पैसा मात्र योजनेच्या गतीने येतो. तोवर ३५,००० रुपये गावातून महिन्याला ३ टक्क्यांनी उचलले आणि आठ महिन्यांनी फेडले, तर केवळ व्याज ८,४०० रुपये होते. शिष्यवृत्ती मंजूर झाली, एवढ्यावर समाधान मानू नये. ती केव्हा मिळाली, हाही हिशेबाचा भाग आहे. उशीर हा गरिबावर बसवलेला करच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. नव्वदच्या दशकाच्या आरंभी भिवापूरहून छोट्या लाईनच्या गाडीने नागपूरला जाऊन मी इतिहासात एम. ए. केले. निकाल लागला, पण शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाली नव्हती म्हणून संबंधित संस्थेने मूळ गुणपत्रिका रोखून धरली. बी. एड. प्रवेशाची मुदत निघून गेली. ते वर्ष मी सातऱ्यावर पोत्यांचे वजन लिहिण्यात घालवले. नोकरी एक वर्ष उशिरा लागली. त्या एका वर्षाच्या पगाराची बेरीज माझ्या पाचही वर्षांच्या फीपेक्षा कितीतरी अधिक होती. माझ्या वडिलांना ही बेरीज कधी सांगितली नाही.

खर्चाची बाजू झाली. आता मिळकतीची. येथे पालकांना खोटी आशा दाखवणे मला पाप वाटते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१-२२ मध्ये पंचवीस वर्षांखालील पदवीधरांत बेरोजगारीचे प्रमाण ४२ टक्क्यांहून अधिक होते. त्याच अहवालात असेही दिसते की, पस्तिशी ओलांडलेल्या पदवीधरांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येते. पदवीचे फळ मिळते, पण उशिरा मिळते. आणि ते पदवीच्या तोलाचे असतेच, असेही नाही. ज्या घरात सहा महिन्यांचे धान्य साठवलेले आहे ते घर थांबू शकते. ज्या घरात शनिवारच्या मजुरीवर रविवारची चूल पेटते, त्याला हे थांबणेच परवडत नाही. सारख्या पदवीचे मोल दोन घरांत सारखे नसते, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण आपण सर्व जाणतो. अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून पदवीधर झालेले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासह केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. शिक्षण सारखे, फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत ०.६७ भरले. बाजार पदवी वाचण्याआधी आडनाव वाचतो. १९१७ मध्ये बडोद्यात कोलंबिया विद्यापीठाची पदवी असलेल्या माणसाला राहायला खोली मिळाली नव्हती, हे आपल्या मुलांना पाठ आहे. त्या प्रसंगाची आर्थिक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. बडोदे संस्थानाने १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती आणि त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. जातीने ती सेवा काही दिवसांतच अशक्य केली. म्हणजे शिक्षण झाले, देणे डोक्यावर राहिले आणि ते फेडण्याचा मार्गच बंद झाला. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अर्धवट राहिलेले शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले नाही.

त्या अर्धवटपणाचा उल्लेख मुद्दाम केला. माझ्या मते सर्वांत महागडी पदवी ती, जी दोन वर्षांनंतर सुटते. खर्च झालेला असतो, मजुरी बुडालेली असते आणि हाती काहीच नसते. २०२४-२५ पासून संलग्नित महाविद्यालयांतही नवी रचना आली आहे. तीत ठरावीक श्रेयांक पूर्ण केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष ऑनर्ससाठी असते. नाइलाजाने शिक्षण थांबवावे लागले, तर ते कागद मागून घ्यावेत. मात्र मधल्या कागदाला बाजारात किती किंमत येईल, याविषयी मी फारसा आशावादी नाही.

मग तिच्या आईला काय सांगितले? साध्या बी. ए.ने सुरुवातीला महिन्याला ३,००० रुपयांचा फरक पडला असे धरले, तर वर्षाचे ३६,००० होतात आणि १,५९,००० रुपये साडेचार वर्षांच्या आत वसूल होतात. त्यापुढची तीस-पस्तीस वर्षे तो फरक तिचा. पण एक अट आहे. पदवीनंतर तीन वर्षे नागपूरला खोली घेऊन केवळ स्पर्धा परीक्षांची तयारी करत बसली, तर मजुरी व राहणे मिळून ३,९०,००० रुपये जातात. पदवीच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक. आपल्या मुलांचे सर्वाधिक धन आज या प्रतीक्षेत खर्च होत आहे आणि त्याची नोंद कोणी ठेवत नाही. पोलीस शिपाई भरतीस बारावी पुरते. तलाठी आणि बँकेतील लिपिकासाठी पदवी लागते. कोणत्या नोकरीसाठी तयारी करायची, हे पदवीच्या दुसऱ्या वर्षीच ठरवावे, प्रयत्नांची संख्या लिहून ठेवावी आणि ती संपली की काम धरावे. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनची पदविका किंवा आय. टी. आय. हेही मार्ग आहेत. ज्याचा कल यंत्रांकडे आहे, त्याला बी. ए.ला ढकलण्यात शहाणपणा नाही. गुण असतील, तर १९०६ साली स्थापन झालेली नागपूरची शासकीय विज्ञान संस्था किंवा दीक्षाभूमीवरील १९६४ चे डॉ. आंबेडकर महाविद्यालय यांचे अर्ज आधी भरावेत, जवळचे महाविद्यालय नंतर.

कागदपत्रांचेही तेच. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते बारावीच्या निकालानंतर शोधू नये. दहावीच्या वर्षीच ही फाईल तयार व्हावी, यासाठी आपल्या शाळेत गेल्या वर्षीपासून आम्ही शिक्षक एक दिवस राखून ठेवतो. त्या दिवशी शिकवणे होत नाही. एका रुपयाची फी नसलेले हे काम वेळेत झाले, तर वर उल्लेखिलेले ८,४०० रुपये वाचू शकतात.

वहीचे पान मी त्या आईला दिले. तिला वाचता येत नाही, मुलीने वाचून दाखवले. "साडेचार वर्ष" या शब्दांवर ती थोडी थांबली. नंतर म्हणाली, "दुकानाच्या मामाले मीच सांगतो." मुलगी भिवापुरातच बी. ए.ला आहे, सुटीत सातऱ्यावर बसते. यंदा तिने दुसऱ्या वर्षाचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर स्वतःच भरला. पहिल्या वर्षाची काही रक्कम अद्याप जमा व्हायची आहे.