विहिरीवरील इंजिन आणि इंधनमार्गातील हवा

वीज नसताना पाणी उपसण्यासाठी आपल्या विद्यालयाच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचे एक डिझेल इंजिन आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात, ऐन परीक्षेच्या दिवसांत, त्याचा इंधन-फिल्टर बदलण्यात आला. दुरुस्ती करणारा गृहस्थ काम उरकून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन सुरू होईना. वीज गेलेली, पाण्याची टाकी रिकामी आणि वसतिगृहातील मुले बादल्या घेऊन रांगेत उभी. मोठ्या मुलांनी आळीपाळीने हॅन्डल मारले. तळहातांना फोड आले. कोणी म्हणाले नोझल गेले, कोणी म्हणाले पंप गेला. एका हितचिंतकाने तर नारळ फोडण्याचेही सुचवले. अखेरीस आमच्या शिपाईमामांनी पाना घेऊन दोन-तीन ठिकाणी आटे सैल केले, थोडा फेस बाहेर जाऊ दिला, आणि दहा मिनिटांत पाणी आले.

मी इतिहासाचा शिक्षक. यंत्राशी माझा संबंध तोवर दुरूनच होता. परंतु हे ज्ञान आमच्यापैकी कोणाच्याही वहीत नव्हते, ते केवळ मामांच्या हातात होते आणि मामा लवकरच निवृत्त होणार होते. ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्याने लिहायचे नाही आणि जो लिहितो त्याच्या हाताला काही ठाऊक नाही, ही आपल्या समाजरचनेची जुनी फारकत आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात श्रमिकांच्या विभागणीचा जो प्रश्न मांडला, त्याचेच हे एक रूप होय. म्हणून मामांकडून शिकून घेतलेले येथे नोंदवीत आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा सुमारे सतरापट दाबली गेली की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. मात्र हा फवारा उडण्यासाठी नोझलमागील डिझेलचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम इतका व्हावा लागतो. डिझेल हा द्रव असल्याने तो जवळजवळ दबत नाही. पंपाच्या दट्ट्याने ढकलताच दाब थेट नोझलपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दबते. मार्गात बुडबुडा असला की दट्ट्या पुढे जातो, बुडबुडा आकसतो, दट्ट्या मागे येतो, बुडबुडा पूर्ववत फुगतो. नोझल उघडतच नाही.

इवलासा बुडबुडा एवढे यंत्र कसे अडवतो, याचा हिशोब मुलांनी फळ्यावर मांडून पाहिला. आपले इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते आणि दर दोन फेऱ्यांना एक फवारा उडतो. म्हणजे तासाला ४५,००० फवारे. तासाला डिझेल लागते एक लिटरच्या आसपास. एका फवाऱ्याच्या वाट्याला अर्धा थेंबही येत नाही! तेवढ्याच मापाचा बुडबुडा पुरेसा ठरतो.

येथे इतिहासाच्या शिक्षकाला राहवत नाही. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात इंधन मुद्दाम दाबयुक्त हवेनेच आत फुंकले जाई. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. पुढे हवेवाचून, केवळ पंपाच्या दाबाने इंधन फवारण्याची पद्धत रुळली. बॉश कंपनीने असे पंप मोठ्या संख्येने बनविण्यास १९२७ साली आरंभ केला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तेही त्याच वर्षी.

फिल्टर बदलला, नळी काढली किंवा टाकीतील डिझेल पूर्ण संपले की हवा आत शिरते. ती टाकीकडून नोझलकडे, याच क्रमाने काढावी. प्रथम टाकी भरावी, झाकणाचे बारीक छिद्र बुजलेले नाही हे पाहावे आणि तोटी उघडावी. फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल केला की फेसाळ डिझेल येते. फेस जाऊन अखंड धार लागली की ती वाहत असतानाच स्क्रू आवळावा. धार थांबल्यावर आवळला तर हवा पुन्हा आत जाते. नवशिक्यांची चूक नेमकी येथेच होते. मग पंपावरील स्क्रूचे तसेच करावे. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या जाड नळीचा नोझलजवळचा नट एक फेरा सैल करून, डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हॅन्डल फिरवावे. बुडबुडे संपून स्वच्छ डिझेल उसळू लागले की नट घट्ट करावा. यानंतर हॅन्डल फिरवताना नोझलमधून 'कुर्र' असा बारीक आवाज येतो. मामा म्हणत, "आता नोझल बोलायला लागलं." तो आवाज ऐकल्याखेरीज मुलांना दमवू नये.

मोठ्या जनित्रात टाकी खाली असते आणि फीड पंप डिझेल वर ओढतो. तेथे हवा पुन्हापुन्हा धरत असेल, तर फीड पंपाच्या अलीकडील नळ्या, क्लिप आणि वॉशर तपासावेत. तेथील फटीतून चालू इंजिनात डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळे बाहेरून सारे कोरडे व निर्दोष दिसते.

फवारणाऱ्या नोझलसमोर बोट कधीही धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब याच्या कित्येक पट असतो. त्यांच्या दाबनळ्यांना आपण पाना लावूच नये. सांडणारे डिझेल डब्यात धरावे, त्याचा एक थेंबही विहिरीत जाता कामा नये.

इंजिन चालू झाल्यावर सैल केलेले सर्व सांधे कोरड्या फडक्याने पुसून दहा मिनिटांनी पुन्हा पाहावेत. तांब्याचे जादा वॉशर इंजिनखोलीत, दाराच्या उजवीकडील फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत; वापरल्यास वहीत नोंद करावी.