वाकवलेली सळई काळानुसार का बदलते?

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून बनणाऱ्या टीएमटी सळया बांधकामावर थंड असतानाच वाकवल्या जातात. बदलाला तिथूनच सुरुवात होते.

● आत काय घडते : वाकलेल्या जागी पोलादाच्या कणांत असंख्य सूक्ष्म दोषरेषा तयार होतात. विरघळलेले नायट्रोजनचे अणू सावकाश सरकत तिथे जमतात आणि या रेषांना जखडतात. पोलाद कडक होते, पण ठिसूळही.

● किती वेळात : नेहमीच्या तापमानाला हे व्हायला दिवस, कधी महिने लागतात. उष्णतेने वेग कितीतरी वाढतो.

● चाचणी : आयएस १७८६ या भारतीय मानकानुसार सळई १३५ अंशांच्या कोनात वाकवून ३० मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवतात. थंड झाल्यावर तो कोन १५७.५ अंशांपर्यंत उलगडतात. सळई तुटता कामा नये, वाकलेल्या भागावर तडाही दिसता कामा नये.

● मर्यादा : याच मानकात नायट्रोजनचे प्रमाण ०.०१२ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे.

● घर बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवा : चुकीची वाकलेली सळई ठोकून सरळ करू देऊ नका, आधी अभियंत्याला विचारा. घराच्या सुरक्षिततेपुढे एका सळईची बचत क्षुल्लक आहे.