मेल सर्व्हरची राखण

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांचे मेल सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. दहा-पंधरा माणसांचं युनिट, ऑफिसात अकाउंट्स आणि परचेस बघणारे दोघं-तिघं. सर्व्हर डेटा सेंटरमधला, भाड्याचा. त्यावर लिनक्स, मेल ने-आण करायला पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळायला डव्हकॉट.

रोज आधी लॉग वाचायचा. ‘पासवर्ड चुकला’ अशा अर्थाच्या ओळींची रांग लागलेली असते. कधी ‘इन्फो’, कधी ‘अकाउंट्स’, कधी ‘सेल्स’ या नावाने कुणीतरी आत शिरू बघत असतं. हे सगळं प्रोग्राम करतात आणि छोटं युनिट म्हणून ते कुणाला सोडत नाहीत. एकाच आयपी पत्त्यावरून बऱ्याचदा पासवर्ड चुकला, की फेलटूबॅन हा प्रोग्राम त्या पत्त्याला काही काळ बंदी घालतो. म्हणून हल्लेखोर आता एका पत्त्यावरून एक-दोनदाच प्रयत्न करतात आणि पत्ता बदलतात.

खरी पंचाईत होते ती पासवर्ड बरोबर निघतो तेव्हा. एका युनिटमधल्या अकाउंटंट बाईंचा फोन आला, ‘सर, काल दुपारपासून आमची कोटेशनं परत येतायत.’ बाहेर जाणाऱ्या मेलची रांग पाहिली तर हजारो अनोळखी पत्त्यांवर जाणारे मेल तुंबलेले, सगळे ‘सेल्स’च्या खात्यातून. त्या खात्याचा पासवर्ड तिघांत एकच होता : कंपनीचं नाव आणि पुढे साल. आधी खातं बंद केलं, चालू लॉगिन तोडली, रांग रिकामी केली, मग पासवर्ड बदलला. एवढं तासाभरात झालं. पण सर्व्हरचा पत्ता स्पॅमहाउस या स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या काळ्या यादीत गेला होता. तो निघून कोटेशनं पुन्हा सुरळीत पोचायला काही दिवस गेले.

अशा वेळी मेलबॉक्सचे नियमही उघडून बघावे लागतात. तिथे एक नियम सापडला : विषयात ‘इन्व्हॉइस’ असेल तर एक प्रत बाहेरच्या पत्त्यावर पाठवा. पासवर्ड बदलला तरी असा नियम चालूच राहतो. बिल कधी निघतं, कुणाला जातं हे कळलं, की ऐन वेळी ग्राहकाला मेल जातो, ‘आमचं बँक खातं बदललं आहे.’

मेल पाठवण्याची मूळ पद्धत, एसएमटीपी, १९८२ सालची. पाठवणाऱ्याचं नाव खरं आहे का, हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. ती एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क यांनी नंतर आणली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली. तुमच्या डोमेनच्या नावाने येणारा खोटा मेल त्यामुळे अडवता येतो. चोरलेल्या खऱ्या खात्यातून गेलेला मेल मात्र या तिन्ही चाचण्या पास होतो.

अपडेटकडेही असंच लक्ष लागतं. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज या मेल सर्व्हरमधल्या त्रुटींतून जगभरचे हजारो सर्व्हर फोडले गेले. दुरुस्ती आली होती, पण ती बसवायला अनेक ठिकाणी माणूस नव्हता. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ यांचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार हल्ल्याची खबर सहा तासांत द्यायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. अनेक लिनक्स सर्व्हरवर मूळ सेटिंगने ते चारेक आठवड्यांतच पुसले जातात.

म्हणून माझं मालकांना एकच सांगणं असतं : लॉग, अपडेट आणि बॅकअप यांची जबाबदारी नाव घेऊन एका माणसावर टाका. तेवढा माणूस नसेल, तर स्वतःचा सर्व्हर बंद करून चांगली विकतची सेवा घ्या. त्यात कमीपणा नाही. दोन्हीकडे प्रत्येकाला वेगळा पासवर्ड आणि शक्य तिथे दुहेरी पडताळणी हवीच. बँक खातं बदलल्याचा मेल आला, तर मेलमधल्या नंबरवर नको, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.