चढाईचा जमाखर्च

कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या निबंधात लिहिले आहे. पण या खेळावर माणसाचा चरितार्थ चालतो काय? हा प्रश्न गेल्या वर्षी सुरतेत, उधन्याच्या आमच्या घरात उभा राहिला. माझा धाकटा भाऊ उत्तम चढाई करतो. बारावीनंतर त्याला शिक्षण सोडून फक्त खेळायचे होते. वडील मराठीत रागावले, आईने कन्नडमध्ये समजावले. मी पडलो वाणिज्य शाखेचा. म्हणून एका निवृत्त चढाईपटूचा जमाखर्च मांडून पाहिला.

हा खेळाडू म्हणजे अनूप कुमार. मूळचा हरियाणाचा, पण यू मुंबा संघाचा कर्णधार म्हणून मराठी प्रेक्षकांनी त्याला आपलाच मानला. त्याची हातोटी बोनस गुणाची. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवला आणि सुखरूप परतले, की कोणाला न शिवताही एक गुण मिळतो. हे सारे तीस सेकंदांत!

आता जमेची बाजू पाहू. २०१० व २०१४ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक, २०१२ चा अर्जुन पुरस्कार, २०१५ मध्ये बेंगळुरूला हरवून प्रो कबड्डीचे विजेतेपद. २०१६ साली अहमदाबादेत विश्वचषकाचा पहिलाच सामना भारत कोरियाशी हरला. तरी त्याच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात इराणला ३८-२९ असे नमवले.

खर्चाची बाजू मात्र कोणी वाचत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन बचावफळीत घुसणाऱ्या रनिंग बॅकची कारकीर्द अल्प असते, कारण प्रत्येक धडक त्यालाच बसते. चढाईपटूचेही तसेच. यंत्राप्रमाणे गुडघ्यालाही घसारा असतो. फरक इतकाच, की तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, अनूप निवृत्त झाला व पुढे पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला.

आणखी एक गोष्ट. लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा तो तीस वर्षांचा होता. तोवर त्याला आधार होता तो पोलीस दलातील नोकरीचा.

हे मी भावाला दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. त्याने यंदा महाविद्यालयाचा अर्ज भरला आहे. पहाटे पाचचा सराव मात्र चालूच आहे, आणि आता त्याला उठवायला वडीलच जातात.