दर्यावरचा बोलका रेडिओ

तुमच्या घरातला रेडिओ एकतर्फी. आम्ही बोलायचे, तुम्ही ऐकायचे. तुमचे म्हणणे आम्हाला कळायचे तर पत्रच लिहावे लागते. समुद्रात जाणाऱ्या होडीवरचा रेडिओ तसा नाही. तो ऐकतो आणि बोलतोही. हातातले बटण दाबले की आपण बोलायचे, सोडले की दुसऱ्याचे ऐकायचे. दोघे एकदम बोलू लागले तर कोणाचेच धड ऐकू येत नाही. म्हणून आपले बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणायचे, म्हणजे ‘आता तू बोल’. संभाषणच संपवायचे असेल तर ‘आउट’. सिनेमात दोन्ही शब्द एका दमात म्हणतात. खरा खलाशी असे कधी म्हणणार नाही, कारण ‘तू बोल’ आणि ‘मी चाललो’ एकाच वेळी कसे चालेल?

तुम्ही म्हणाल, आता तांडेलाच्या खिशात मोबाइल असतो, मग हे कशाला? एक तर किनाऱ्यापासून काही मैल गेले की मोबाइलचा आवाज बंद होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फोनची घंटा एकाच माणसाकडे वाजते. रेडिओची हाक आसपासच्या प्रत्येक होडीला, जहाजाला एकदम ऐकू जाते. बुडणाऱ्याला मुंबईतल्या मेव्हण्याचा आवाज नको असतो, तीन मैलांवरची अनोळखी होडी हवी असते.

कोकणातल्या जुन्या माणसांना रामदास बोट ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबई बंदर एवढे जवळ, पण तिथे दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. पोहत पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांनी बातमी आणली.

आता हा आवाज जातो किती लांब? शाळेत पृथ्वी गोल आहे हे शिकवताना गुरुजी जहाजाचे उदाहरण देतात. लांब जाणाऱ्या जहाजाचे आधी बूड दिसेनासे होते, मग शीड. होडीवरच्या व्ही. एच. एफ. रेडिओच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्याच सरळ जातात, नजरेहून थोड्या पुढे. दोन्ही होड्यांची एरियल पाण्यापासून चार मीटर उंच असेल तर नऊ सागरी मैलांच्या आसपास बोलणे होते, म्हणजे सोळा-सतरा किलोमीटर. तीच होडी किनाऱ्यावरच्या शंभर मीटर उंच एरियलशी सत्तावीस मैलांपर्यंत बोलू शकते. म्हणून एरियल डोलकाठीच्या टोकाला बांधावी. हातात धरायच्या संचाची शक्ती बहुधा पाच वॅट, बसवलेल्याची पंचवीस. पण उंचीच नसेल तर वॅट वाढवून क्षितिजापलीकडे फारसे जाता येत नाही.

या रेडिओवर बरेच चॅनल असतात. त्यांत सोळावा साऱ्या जगाचा. त्यावर हाक मारायची आणि संकट कळवायचे, बाकी काही नाही. ‘मासोळी, मासोळी, मी दर्यासारंग, ओव्हर.’ मासोळीने ओ दिली की दोघांनी ठरवून दुसऱ्या चॅनलवर जायचे, समजा बहात्तरवर, आणि तिथे बांगड्याचा भाव बोलायचा. सोळा नंबर म्हणजे गावची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. तिथे कोणी गुरे धूत नाही. पण गप्पांपेक्षाही वाईट म्हणजे अडकलेले बटण. माइक कुठे तरी फळीखाली दबला, बटण दाबलेलेच राहिले, तर जवळपासच्या सगळ्यांचा चॅनल बंद पडतो आणि ज्याचा माइक असतो त्याला त्याचा पत्ताही नसतो!

ऐकत राहण्याची किंमत जगाला टायटॅनिकने शिकवली. १९१२ च्या एप्रिलात ती बुडू लागली तेव्हा ‘कॅलिफोर्नियन’ नावाचे जहाज जवळपासच होते. त्यावर बिनतारीवाला एकच. तो दिवसभराचे काम उरकून यंत्र बंद करून झोपला होता. हाक ऐकली ती अधिक दूरच्या ‘कार्पेथिया’ने. तिने येऊन सातशेच्या वर माणसे वाचवली. पुढे १९१४ साली लंडनला देशांनी करार केला, त्यात जहाजांवर अखंड ऐकत राहण्याचा नियम आला.

संकटाचा शब्द ‘मेडे’. १९२० नंतरच्या दशकात तो निघाला, फ्रेंच भाषेतल्या ‘मला मदत करा’ या बोलावरून. तारेच्या कटकटीत एस. ओ. एस. ठीक होते, पण तोंडाने बोलताना ‘एस’ नीट उमटत नाही. होडी बुडत असेल, आग लागली असेल, जिवाला धोका असेल तरच हा शब्द वापरावा. इंजिन बंद पडले, पण जिवाला धोका नाही, तर ‘पॅन पॅन’.

बोलण्याचा क्रम असा: मेडे तीन वेळा, होडीचे नाव तीन वेळा, पुन्हा एकदा मेडे आणि नाव, मग लगेच ठिकाण. घाबरलेला माणूस आधी काय झाले ते सांगत बसतो आणि ठिकाण सांगण्याआधीच बॅटरी बसते. उपग्रहावरून कळलेले अक्षांश-रेखांश सांगावे. नसतील तर ‘खांदेरीच्या दीपगृहापासून पश्चिमेला चार मैल’ असेही चालते. त्यानंतर काय झाले, कोणती मदत हवी, माणसे किती. शेवटी ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडायचे. हे सोडणे विसरू नये, नाही तर उत्तर येऊनही ऐकू येणार नाही. काही संचांवर झाकणाखाली लाल बटण असते. ते काही सेकंद दाबून धरले की होडीचा नंबर आपोआप जातो, आणि जोडणी केली असेल तर ठिकाणही. ते दाबल्यावरही सोळावर तोंडाने सांगायचेच. आपल्याकडे समुद्रातल्या शोधाचे आणि बचावाचे काम तटरक्षक दल पाहते. किनाऱ्यावर होडीची वाट पाहणाऱ्या घरच्यांनी त्यांचा फोन नंबर १५५४ पाठ करून ठेवावा.

दुसऱ्याचा मेडे ऐकू आला तर आपण गप्प राहायचे, घड्याळ पाहून ऐकलेले लिहून घ्यायचे. कोणीच उत्तर देत नसेल तर आपण द्यायचे, आणि ‘मेडे रिले’ म्हणून ती हाक पुढे पोचवायची.

किनाऱ्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती. प्रत्येक होडीसाठी मुलांकडून हा क्रम एका पुठ्ठ्यावर लिहून घ्या, होडीचे नाव आणि नंबर घालून, आणि तो तांडेलाच्या संचाशेजारी लावू द्या. अक्षर ठसठशीत असू द्या, पुठ्ठ्यावर प्लास्टिक घाला. तो रात्री, हलत्या होडीत, बॅटरीच्या उजेडात वाचायचा आहे.