‘ब्रेक फेल’ हे नशीब नव्हे!

‘घाटात जीप दरीत कोसळली, ब्रेक निकामी झाल्याचा अंदाज’ अशी बातमी आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्या जीपमध्ये कोण होते? लग्नाला निघालेले वऱ्हाड, बाजाराला निघालेल्या बाया, मजुरीवर चाललेली माणसे. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही आणि ज्यांच्या गावाला वेळेवर एसटी नाही, तीच माणसे जुन्या सुमोत, बोलेरोत दाटीवाटीने बसतात. अपघात झाला की गाव म्हणते, ‘त्यांची वेळच भरली होती.’ हे साफ खोटे आहे. बहुतेक वेळा ब्रेक अचानक जात नाही. तो महिनोन् महिने सांगत असतो. ऐकणारा कोणी नसतो.

काही वर्षांपूर्वी २० मार्चला आम्ही वस्तीतील दहा जण भाड्याच्या जुन्या सुमोने महाडला निघालो होतो. भोरला चहासाठी थांबलो, तेव्हा डाव्या बाजूच्या मागच्या चाकाचा टायर आतून ओलसर दिसला. चालकाला विचारले, तर तो म्हणाला, “काही नाही काका, पाणी उडालं असेल. पेडल जरा खाली जातंय, पण दोनदा मारलं की लागतो ब्रेक.” बंपरला लिंबू-मिरची मात्र ताजी होती! पुढे वरंधा घाट होता. आम्ही गाडी हलवू दिली नाही. गॅरेजमध्ये ड्रम उघडला, तर व्हील सिलिंडरचे रबर गेलेले आणि लायनर ब्रेक ऑइलने भिजलेले. दोन्ही मागच्या चाकांचे लायनर आणि सिलिंडरचे किट बदलून, हवा काढून निघायला तीन तास लागले. महाडला उशिरा पोहोचलो, पण दहाही जण पोहोचलो.

सुमो १९९४ साली बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक सुमो आज जुनीच आहे. गाडी जुनी असणे हा गुन्हा नव्हे. गरिबाला जुनीच परवडते. पण जुन्या गाडीची भाषा समजली पाहिजे. पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर पाइपात हवा शिरली आहे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर आतून गेले आहे. पेडल दगडासारखे कडक झाले, तर बूस्टर किंवा व्हॅक्यूम पंप तपासावा. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एखादे कॅलिपर चिकटले असेल किंवा एका चाकाचे लायनर तेलकट झाले असेल. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला, म्हणजे पॅड संपले. पॅडचा थर तीन मिलिमीटरपर्यंत आला की ते बदलावेत, आणि तेही एका एक्सलवरच्या दोन्ही चाकांचे एकदम.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. उतारावर सतत ब्रेक दाबल्याने चाके तापतात, ऑइलला उकळी फुटते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, त्यामुळे पेडल थेट तळाला जाते. यालाच आपण ‘नशीब’ म्हणतो! दर दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलणे हा त्यावरचा उपाय, आणि त्याचा खर्च एका टायरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी आहे. मात्र ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइलचा थेंबही पडता कामा नये. त्याने सगळी रबरे फुगून निकामी होतात.

दुसरे, डिझेल वाचवण्यासाठी घाटात इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय. डिझेल गाडीचा व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद झाले की दोन-चार वेळा ब्रेक मारताच बूस्टरची मदत संपते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. निम्मे काम इंजिनच करते.

आणखी एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे. ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपाने भुकटी उडवणारे गॅरेजातील पोर. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात गेले की रोग कित्येक वर्षांनी उमटतो. भुकटी उडवू नये, पाण्याने भिजवून पुसून घ्यावी. आपली गाडी सुरक्षित करताना कुणाच्या तरी मुलाचे आयुष्य कमी होणार असेल, तर ती कसली सुरक्षितता?

कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ नुसार प्रवासी वाहनाला फिटनेस प्रमाणपत्र लागते आणि आठ वर्षांपेक्षा जुन्या वाहनाला ते दरवर्षी घ्यावे लागते. पण प्रमाणपत्र तपासणीच्या एका दिवसाचे असते. घाट वर्षभर उतरायचा असतो. शिवाय खासगी पाटीवर भाडे मारणारी गाडी या वार्षिक तपासणीत येतच नाही.

म्हणून बांधवांनो, प्रवाशानेच विचारायला शिकले पाहिजे. गाडीत बसण्यापूर्वी चाकांच्या आतल्या बाजूला एकदा वाकून बघा. चालकाला विचारा, “दादा, ब्रेक ऑइल कधी बदललं?” तो चिडला तर चिडू द्या. भाडे आपण देतो आणि जीवही आपलाच असतो. आणि गाडीमालकांना एवढेच सांगणे आहे की, जो लिंबू-मिरची दर आठवड्याला बदलतो, त्याला दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑइल बदलणे जड जाऊ नये.