पोलिसांवरचा पहारा आणि मतपेटी

पोलिस कमिशनर मते मागून निवडून येतो असे कोणी सांगितले, तर आमचा सामान्य वाचक ते थट्टेवारी नेईल. आपल्याकडे कमिशनर म्हणजे भारतीय पोलिस सेवेतील वरिष्ठ अधिकारी. तो सरकारी हुकमाने येतो आणि सरकारी हुकमानेच, पुष्कळदा मध्यरात्री निघालेल्या हुकमाने, जातो. पोर्तुगीज अमदानीतील ज्यांना आठवते, त्यांना गावचा रेजिदोर आठवत असेल. तो वरून नेमला जाई. लोकांनी त्याला निवडावे अशी कल्पना कोणाच्या स्वप्नातही आली नसती.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र २०१२ पासून ही निवडणूक होत आली आहे आणि तिच्याशी आमचा संबंध अगदीच दूरचा नाही. विल्टशायर परगण्यातील स्विंडन शहरात आज गोव्याहून गेलेल्या माणसांची मोठी वस्ती आहे. १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांच्या वंशजांना मिळणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टाच्या आधारे हे लोक तेथे गेले. त्यांत ख्रिस्ती बांधव अधिक असले तरी हिंदू घरांतील मुलेही कमी नाहीत. पोर्तुगाल व ब्रिटन यांच्यात २०१९ साली झालेल्या करारामुळे पोर्तुगीज नागरिकांचा स्थानिक मताधिकार शाबूत राहिला आहे. याहून थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की भारतीय पासपोर्टावर गेलेला रीतसर रहिवासी, मग तो विद्यार्थी का असेना, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तेथे मत देऊ शकतो. भारतात येऊन राहिलेल्या इंग्रजाला असा हक्क नाही.

प्रथम हे पद काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. नावात कमिशनर असला तरी हा गृहस्थ पोलिस नव्हे. त्याला गणवेश नाही, तो कोणाला अटक करू शकत नाही आणि अमक्याचा तपास असा करा असे फर्मानही काढू शकत नाही. परगण्याच्या चीफ कॉन्स्टेबलची नेमणूक करणे, प्रसंगी त्याला दूर करणे, पोलिसांचे अंदाजपत्रक ठरवणे, कौन्सिल टॅक्समधील पोलिसांचा हिस्सा निश्चित करणे आणि कोणत्या गुन्ह्यांकडे आधी लक्ष द्यावे याचा आराखडा आखणे, ही त्याची कामे. म्हणून जो उमेदवार दारात उभा राहून ‘मी निवडून आलो की त्या टोळीला आठवड्यात गजाआड करीन’ असे सांगतो, त्याला आपल्या पदाची ओळख नाही किंवा मतदाराला ती नाही असे त्याने गृहीत धरले आहे. त्याला विचारायचा प्रश्न निराळा आहे. शिपाई वाढवायचे तर कर किती वाढवाल, आणि कर वाढवायचा नसेल तर कोणती चौकी बंद कराल? याचे सरळ उत्तर देणारा उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, तो ऐकून घेण्याजोगा.

प्रत्यक्ष मतदानाची रीत सोपी आहे. मतदारयादीत नाव असले पाहिजे आणि ते मतदानाच्या बारा कामकाजी दिवस अगोदर नोंदवावे लागते. सकाळी सात ते रात्री दहा वेळ असतो. पूर्वी मतपत्रिकेवर पहिली आणि दुसरी पसंती दर्शवणारे दोन रकाने असत. २०२२ च्या कायद्याने ते गेले आणि २ मे २०२४ च्या निवडणुकीत एकाच नावापुढे एकच फुली मारावी लागली. छायाचित्र असलेले ओळखपत्रही या पदाच्या निवडणुकीत त्याच वेळी प्रथम सक्तीचे झाले. त्यासाठी भारतीय किंवा पोर्तुगीज पासपोर्ट चालतो, हे आमच्या मुलांनी ध्यानात ठेवावे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला विनामूल्य दाखला मिळतो, मात्र तो आधी मागून घ्यावा लागतो.

इतकी सोय असूनही लोक फिरकले नाहीत, हे या प्रयोगाचे दुखणे. १५ नोव्हेंबर २०१२ रोजी, थंडीच्या व काळोख्या दिवसात, पहिली निवडणूक झाली तेव्हा शंभरांतले सुमारे पंधरा मतदार बाहेर पडले. वेल्समधील न्यूपोर्ट येथे एका केंद्रावर दिवसभरात एकही मतदार आला नाही. उमेदवारांची माहितीपत्रके घरोघर टपालाने धाडण्याचा खर्च सरकारने केला नव्हता. ती माहिती संगणकावर पाहून घ्यावी अशी अपेक्षा होती. ज्याची ओळखच नाही त्याला मत द्यायला थंडीत कोण जाईल? पहिल्या खेपेस बारा अपक्ष निवडून आले होते, पुढल्या खेपेस तीनच उरले. पोलिस राजकारणापासून अलिप्त राहावेत म्हणून काढलेली वाट अखेर पक्षांच्या दारात जाऊन पोचली.

मतदाराच्या या बेफिकिरीची किंमत काय, हे रॉदरहॅमने दाखवले. त्या गावात १९९७ ते २०१३ या काळात सुमारे चौदाशे मुलांचे लैंगिक शोषण झाले असावे, असा अंदाज ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने वर्तवला. पोलिसांनी व नगरपालिकेने त्याकडे काणाडोळा केला होता. दक्षिण यॉर्कशायरचा त्या वेळचा निर्वाचित कमिशनर पूर्वी त्याच नगरपालिकेत बालकल्याणाचे खाते सांभाळत होता. त्याने पायउतार व्हावे असे गृहमंत्र्यांनी सांगितले, त्याच्या स्वतःच्या मजूर पक्षाने सांगितले. तो तयार होईना, आणि त्याला हलवण्याची तरतूद कायद्यात नव्हती! निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्क मतदाराला कोणी दिलाच नव्हता. काही आठवड्यांनी त्याने स्वतःच राजीनामा दिला. एवढे रामायण झाल्यावर ३० ऑक्टोबर २०१४ रोजी पोटनिवडणूक झाली आणि तीतही मतदान सुमारे पंधरा टक्केच झाले. आम्हांला या प्रकरणातील सर्वांत विषण्ण करणारी गोष्ट हीच वाटते.

स्विंडनकरांचा अनुभव निराळा, जवळजवळ विनोदी म्हणावा असा. मे २०२१ मध्ये विल्टशायरमध्ये हुजूर पक्षाच्या उमेदवाराला सर्वाधिक मते पडली. पण मतमोजणीच्या तोंडावर असे उघडकीस आले, की दारू पिऊन मोटार हाकल्याबद्दल त्याला बऱ्याच वर्षांपूर्वी शिक्षा झाली होती. तुरुंगवास होऊ शकेल असा गुन्हा नावावर असलेल्याला या पदावर बसता येत नाही. आमदार-खासदारांना लागू असलेल्या नियमापेक्षाही हा कडक. ऑगस्टमध्ये निवडणूक पुन्हा घ्यावी लागली आणि दहा लाख पौंडांहून अधिक पैसा त्यात गेला. आमच्या विधानसभांना हा निकष लावला तर किती बाके रिकामी होतील, याचा हिशेब वाचकांनी आपापल्या घरी करावा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने हे पदच मे २०२८ मध्ये, सध्याची मुदत संपताच, रद्द करण्याचे जाहीर केले. त्यातून किमान दहा कोटी पौंड वाचतील असे ते म्हणते. जेथे निर्वाचित महापौर आहेत तेथे हे अधिकार त्यांच्याकडे जातील. अन्यत्र स्थानिक कौन्सिलांच्या प्रमुखांचे मंडळ ते पाहील. म्हणजे पोलिसांचे मत मतपत्रिकेवरून गेले असे दिसले तरी ते वास्तविक महापौराच्या आणि नगरसेवकाच्या मतात जाऊन मिसळणार आहे. यापुढे कौन्सिलसाठी मत मागायला येणाऱ्याला गटारे व कचरा यांबरोबर चौकीबद्दलही विचारावे लागेल. आम्हांला हा बदल सर्वस्वी वाईट वाटत नाही. तथापि लोकांना पद कळले नाही म्हणून पद मोडायचे, हा उपाय सोयीचा आहे एवढेच.

आमच्याकडे काय आहे? ज्या इंग्रजांनी सत्तावन्नच्या उठावानंतर १८६१ चा पोलिस कायदा रयतेला धाकात ठेवण्यासाठी रचला, त्यांच्याच देशाने पोलिसांवरचा पहारेकरी मतपेटीतून निवडून पाहिला. आपण मात्र त्या कायद्याची चौकट दीडशे वर्षे जपली. निवृत्त पोलिस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला. राज्य सुरक्षा आयोग, महासंचालकांना किमान दोन वर्षांची मुदत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, असे आदेश त्यात होते. गोव्यात असे प्राधिकरण आहे. परंतु पोलिस चौकीत अपमान झाला तर तक्रार कोठे न्यावी असे म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारात दहा जणांना विचारले, तर किती जण त्याचे नाव घेतील, याविषयी आम्ही फारसे आशावादी नाही. न्यूपोर्टच्या त्या रिकाम्या केंद्राला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही तो यासाठीच.

स्विंडनच्या मुलांना मात्र एक आठवण. गावी फोन करून येथल्या पंचायतीत कोण निवडून आले हे ती आवर्जून विचारतात, त्याचे आम्हांला कौतुक आहे. तेथे आपल्या वॉर्डात कौन्सिलला कोण उभा आहे, हेही त्यांनी विचारून ठेवावे. मतदारयादीत नाव आले की नाही ते आताच पाहून घ्यावे, आणि जाताना खिशात पासपोर्ट ठेवावा.